स्ट्रिपर घ्यायला जाताना खिशात वायरचे तुकडे ठेवा

माझ्याकडे शिकायला येणारी पोरं वायर दातांनी नाहीतर ब्लेडने सोलायची सवय घेऊनच येतात. ती सवय मोडायला महिना जातो. कराडला बावीस वर्षं घरांची वायरिंग करतोय, त्या अनुभवावरून सांगतो: वायर कशी सोलली यावर जोड किती वर्षं टिकणार हे ठरतं. म्हणून स्ट्रिपर, म्हणजे वायरचं आवरण सोलायचं हत्यार, घेताना घाई करू नका.

मध्यंतरी एका घरी गिझरचा सॉकेट काळा पडला म्हणून बोलावलं. त्याआधी दोनदा सॉकेट बदलून झाला होता. मी स्क्रू सैल करून वायर बाहेर काढली आणि तारा मोजल्या. अडीचच्या (अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या) वायरमध्ये ३६ तारा असतात, प्रत्येक तार ०.३ मिमीची. स्क्रूखाली होत्या २३. बाकीच्या तेरा सोलतानाच कापल्या गेल्या होत्या. तारा कमी म्हणजे स्क्रूची पकड कच्ची, आणि कच्च्या पकडीत करंट गेला की तिथे उष्णता होणारच. २००० वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या (जादा करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) दृष्टीने सगळं ठीकच असतं, त्यामुळे ती पडत नाही आणि आत प्लास्टिक मात्र जळत राहतं. मी वायर थोडी मागे कापली, नीट सोलली, नवा सॉकेट बसवला. पुन्हा बोलावणं आलं नाही.

म्हणून दुकानात जाताना खिशात चार तुकडे ठेवा: एकची, दीडची, अडीचची आणि चारची वायर, प्रत्येकी वीतभर. आपल्याकडच्या फ्लेक्सिबल वायरमध्ये साधारण १४, २२, ३६ आणि ५६ तारा येतात. दुकानदाराला सांगा, सोलून बघतो. मी पुण्याला तपकीर गल्लीत जातो तेव्हाही असंच करतो, कुणी नाही म्हणत नाही. अडीचचा तुकडा घ्या, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा सोला, तारा पंख्यासारख्या पसरा आणि मोजा. ३६ भरल्या पाहिजेत. मग निघालेलं आवरण उजेडाकडे धरून आत बघा. तांब्याचा एखादा चमकता तुकडा दिसला तर तो स्ट्रिपर परत ठेवा. असं प्रत्येक मापाला तीन-तीनदा करा, कारण पहिल्यांदा सगळेच बरे सोलतात.

आता स्ट्रिपरच्या पात्यांत वेगवेगळ्या वायरसाठी जी छिद्रं असतात, त्यांच्यावरच्या आकड्यांकडे या. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आपण वायर स्क्वेअर मिलिमीटरमध्ये मागतो, म्हणजे तांब्याचं क्षेत्रफळ. पण बाजारातल्या बऱ्याच स्ट्रिपरवर १.०, १.६, २.०, २.६ असे आकडे असतात आणि तो तारेचा व्यास असतो. अडीचची वायर म्हणून पोरगं ती २.६ च्या छिद्रात घालतं. ते छिद्र पाच स्क्वेअरच्या तारेचं! आवरण अर्धवट कापलं जातं, मग पोरगं ओढतं, आवरण ताणून फाटतं. उलट २.० च्या छिद्रात घातली तर अडीचच्या बाहेरच्या तारा खरचटतात, कारण ३६ तारांचा जुडगा दोन मिलिमीटरपेक्षा किंचित जाड भरतो. काही स्ट्रिपरवर अमेरिकन गेज असतो: १४ म्हणजे सुमारे २.१ स्क्वेअर, १२ म्हणजे ३.३. आपली अडीच दोन्हींच्या मधे अडकते. म्हणून १, १.५, २.५, ४ अशी स्क्वेअरचीच मापं कोरलेला स्ट्रिपर मागा. नाहीच मिळाला, तर कुठलं छिद्र कुठल्या वायरला चालतं ते घरी आजमावून परमनंट मार्करने दांड्यावर लिहून ठेवा.

स्क्रू फिरवून माप बसवायचा साधा स्ट्रिपर दोन-तीनशे रुपयांत येतो. तो वाईट नाही, शिकणाऱ्याचा हात त्यावर चांगला बसतो. पण दिवसभरात दीड, अडीच, चार अशी वायर बदलत राहते आणि दरवेळी स्क्रू कोण फिरवतो? कोणी फिरवत नाही, आणि तिथेच तारा कापल्या जातात. ज्याला रोज घरांची कामं आहेत त्याने छिद्रांचाच घ्यावा, हे माझं पक्कं मत आहे.

एका दाबात धरून सोलणारा ऑटोमॅटिक स्ट्रिपर डीबीच्या (घरातल्या सगळ्या वायर जिथे येतात त्या मुख्य बोर्डाच्या) कामाला फार सोयीचा. चाळीस-पन्नास टोकं सोलायची असतात, लांबीचा स्टॉपर लावला की सगळी एकसारखी निघतात. मात्र त्याचं डोकं रुंद असतं. भिंतीतल्या बॉक्समध्ये चार बोटं वायर शिल्लक असेल तर ते आत जातच नाही. शिवाय स्वस्तातल्याची स्प्रिंग लवकर ढिली पडते आणि त्याचे दात आवरणावर चावे सोडतात. मी तो ठेवतो, पण दुसरा म्हणून.

जुन्या वाड्यांत अजून ॲल्युमिनियमची एकेरी तार सापडते. तिला एवढीशी खाच पडली तरी दोनदा वाकवताच तुटते. स्ट्रिपरची परीक्षा घ्यायची तर अशा तारेवर घ्या: सोला, सोललेल्या जागी वाकवा. खाच असेल तर तार बरोबर तिथेच मोडेल.

हातात धरून बघा. सहा इंची असेल तर बॉक्समध्ये फिरतो, आठ इंचीला जोर चांगला लागतो. दांडे सोडल्यावर आपोआप उघडले पाहिजेत, आणि पाती बंद केल्यावर मधून उजेड दिसता कामा नये. दांड्यावरचं रंगीत प्लास्टिक म्हणजे शॉकपासून संरक्षण असं समजू नका, ते फक्त पकडीसाठी असतं. दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट लिहिलेलं असेल तरच तो इन्सुलेटेड. तो असला तरी मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री झाल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही. माझ्या साइटवर यात सूट नाही.

शेतातल्या मोटरची चपटी केबल स्ट्रिपरने सोलू नका, वरचं जाड आवरण सुरीने लांबीत चिरून काढा आणि आतल्या तीन कोरना, म्हणजे वेगवेगळ्या आवरणाच्या वायरना, मग स्ट्रिपर लावा. बांधणीची तार किंवा खिळा तर त्यात कधीच धरू नका, पात्याला एक दात पडला की पुढची प्रत्येक वायर तिथे खरचटते. संध्याकाळी प्लास्टरची धूळ ब्रशने झाडा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाका. आणि दर महिन्याला एकदा अडीचचा तुकडा सोलून तारा मोजा. पस्तीस भरल्या त्या दिवशी नवा घ्यायला निघा.