भाड्याच्या फ्लॅटमधलं कळकट बाथरूम: सजवण्याआधी या चुका टाळा

भाड्याच्या फ्लॅटमधलं बाथरूम बहुधा चार बाय सहा फुटांचं असतं. पिवळट टाइल्स, काळे पडलेले सांधे, छताला पोपडे आणि नळाखाली एक तांबूस ओघळ. हे बघितलं की पहिला विचार येतो तो स्टिकर आणि शोभेच्या रॅकचा. चूक तिथेच होते. आपल्या कोकणात, रत्नागिरीत, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. वर खारी हवा आणि बोअरचं पाणी. आपल्याकडचं बाथरूम कळकट दिसतं ते मुख्यतः ओल आणि पाण्यातल्या क्षारांमुळे. त्यांचा बंदोबस्त न करता वरून काहीही चिकटवलं तर पहिल्या पावसाळ्यात ते सुटून हातात येतं.

सगळ्या डागांवर एकच ॲसिड

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. हार्डवेअरच्या दुकानातून टाइल्स धुवायचं ॲसिड आणायचं आणि भिंत, फरशी, नळ, सगळीकडे ओतायचं. फेस येतो, टाइल चमकते, काम झाल्यासारखं वाटतं. पण तो फेस बऱ्याचदा सांध्यातलं सिमेंट विरघळल्याचा असतो. सांधे पोकळ झाले की पाणी टाइलच्या मागे शिरतं, आणि काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन येतात. नळांचं क्रोमही याच ॲसिडने उडतं. उंबऱ्याला किंवा फळीला कडाप्पा असेल तर आणखी जपा. कडाप्पा हा चुनखडीचाच प्रकार आहे, त्यावर कुठलंही ॲसिड सांडलं की पांढरा चट्टा पडतो आणि तो पुसून जात नाही.

म्हणून आधी डाग ओळखा.

नळाखालचा, बादलीच्या जागेवरचा तांबूस किंवा विटकरी डाग लोहाचा. त्यावर ब्लीच कधीच टाकू नका, ब्लीचने तो निघायच्या ऐवजी आणखी पक्का होतो. याला ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर लागते. एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा पावडर घालायची, जुन्या फडक्याने डागावर लावायची, १० ते १५ मिनिटं थांबायचं, नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. पावडर विषारी आहे. हातमोजे घाला आणि डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

टाइल्सवरचा आणि शॉवरच्या भोकांवरचा पांढरा, खरखरीत थर म्हणजे पाण्यातले क्षार. त्याला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. एक लिटर पाण्यात दोन चमचे घ्या. शॉवरचं तोंड काढून तासभर त्यात बुडवून ठेवा, नंतर जुन्या दातांच्या ब्रशने भोकं मोकळी करा.

सांध्यांतले काळे ठिपके म्हणजे बुरशी. इथे मात्र ब्लीच: एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, १० मिनिटं, मग धुवून टाका. खिडकी उघडी ठेवा. आणि हे कायम लक्षात ठेवा, ब्लीच आणि ॲसिड एकाच दिवशी, एकाच जागेवर वापरायचं नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि एवढ्याशा बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. संडास साफ करायच्या बाटलीतही ॲसिडच असतं, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

ओल कुठून येते हे न बघता रंग

पोपडे खरवडायचे आणि लगेच रंग मारायचा, हा पैसा वाया जातो. आधी ओलीचा उगम शोधा. फूट-दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक भिंतीवर धरा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला धरले तर ती आंघोळीची वाफ आहे, उपाय हवा खेळती करण्याचा. प्लॅस्टिक उचलल्यावर आतली बाजू ओली दिसली तर पाणी भिंतीतूनच येतंय.

भिंतीतून येत असेल तर महिना बघा. मे महिन्यातही ओली राहणारी भिंत म्हणजे पाइप गळतोय किंवा वरच्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी उतरतंय. फक्त पावसाळ्यात ओली होत असेल तर पाणी बाहेरून येतंय. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला बाहेरून गिलावा नसेल किंवा त्याला भेगा गेल्या असतील तर हे हमखास होतं, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि पाणी धरून ठेवतो. या दोन्ही दुरुस्त्या भाडेकरूच्या आवाक्यातल्या नाहीत. ओल्या जागेचे तारखेसह फोटो काढून घरमालकांना पाठवा. आपण वरून रंग मारून ठेवला तर नंतर त्यांना दाखवायलाही काही उरत नाही.

भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी आली असेल तर तो लोणा. तो धुऊ नका. पाण्यात क्षार पुन्हा विरघळतात आणि भिंतीत जाऊन बसतात. कोरड्या ब्रशने झाडून भुकटी सुपलीत गोळा करा.

छताला रंग दिवाळीनंतर ते मेपर्यंतच द्यावा. २४ चौरस फूट छताला दोन हातांसाठी अर्धा लिटरच्या आसपास रंग लागतो, एक लिटरचा डबा घेतलात तर उरेल. बुरशीरोधक ॲक्रिलिक इमल्शन घ्या, खाली प्रायमर हवाच. साधं डिस्टेंपर इथे टिकत नाही.

सांध्यांत पांढरं सिमेंट

स्वस्त पडतं म्हणून काळ्या सांध्यांवरून पांढरं सिमेंट फिरवतात. ते पातळ थरात सुटतं आणि लवकर पिवळं पडतं. जुना सांधा निदान दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडा, धूळ झाडा, मग तयार ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण) भरा. फूटभर चौरस टाइल्सच्या २४ चौरस फूट फरशीला एक किलो पुरून उरतं. रंग पांढरा नको, राखाडी घ्या. लोहाच्या पाण्यात पांढरा सांधा फार दिवस पांढरा राहत नाही. जास्तीचं ग्राउट ओल्या स्पंजने पुसून घ्या आणि २४ तास पाणी लागू देऊ नका. घरात एकच बाथरूम असेल तर आधी फरशी आणि भिंतींची कामं वेगवेगळ्या दिवशी वाटून घ्या.

बेसिनच्या आणि कमोडच्या कडेला सिलिकॉन लावताना जुन्यावर नवं चढवू नका, धरत नाही. ब्लेडने जुनं पूर्ण काढा, जागा कोरडी करा, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन लावा. आरसा चिकटवायचा असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, त्याने मागचा चंदेरी थर काळा पडतो. न्यूट्रल प्रकारचं मागा.

स्टिकर, हुक, रॅक

टाइल्सवरचे स्टिकर लावायचेच असतील तर अंगावर पाणी घेतो त्या बाजूला नको. बेसिनच्या मागे, दाराच्या बाजूला ठीक. जागा दोन दिवस कोरडी ठेवून स्पिरिटने पुसा. एक तुकडा आठवडाभर लावून बघा, कडा उचलली नाही तरच बाकीचे घ्या. रंगाच्या भिंतीवर लावू नका, काढताना रंगासकट येतात आणि अनामत रकमेतून कपात होते. टाइलवरचे काढताना हेअर ड्रायरने कड गरम केली की सरळ निघतात.

हुक चिकटवल्यावर २४ तास त्यावर काही टांगू नका. रॅक स्टीलचा घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात. त्याने काही सिद्ध होत नाही, कारण हलक्या २०२ प्रतीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. समुद्रालगत तर चांगल्या ३०४ प्रतीच्या स्टीलवरही तपकिरी ठिपके येतात. वेंगुर्ल्यात किंवा गुहागरात किनाऱ्याजवळ राहत असाल तर जाड प्लॅस्टिकचाच रॅक घ्या. भिंतीला नवं भोक पाडू नका, नळाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत तर मुळीच नाही. पाइप तिथूनच गेलेले असतात. आधीच्या भाडेकरूची भोकं असतील तर तीच वापरा.

पंखा आहे पण दार बंद

सहा इंची एक्झॉस्ट फॅन एवढ्या खोलीला भरपूर होतो, पण बाहेर फेकायला आत हवा यायला हवी. दाराखाली दीड-दोन सेंटिमीटर फट ठेवा, पायपुसणं तिथे कोंबू नका. आंघोळीनंतर २० मिनिटं पंखा चालू द्या. जुलैत बाहेरचीच हवा दमट असते, तेव्हा नुसत्या पंख्यावर भागत नाही. आंघोळ झाली की वायपरने भिंतीवरचं आणि फरशीवरचं पाणी ओढून काढा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बुरशीवर याइतका चांगला उपाय नाही.

दिवा पिवळा असेल तर जुन्या टाइल्स आणखी पिवळ्या दिसतात. ४००० केल्विनचा ९ वॅटचा एलईडी लावून बघा, खोलीत लगेच फरक दिसतो.

मुंबईहून परत आलं की घाण वास

फिनेल ओतून हा वास जात नाही. फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी साठलेलं असतं, ते गटाराचा वास अडवतं. घर महिनाभर बंद राहिलं की ते पाणी आटतं. आल्या आल्या दोन तांबे पाणी ओता. मे महिन्यात घर बंद ठेवून जाणार असाल तर निघताना जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल सोडा, तेलाच्या थरामुळे पाणी हळू आटतं. पाणी असूनही वास येत असेल तर जाळी उचलून केस आणि साबणाचा गाळ काढा, आतली वाटी जागेवर आहे का तेही बघा. सफाई करणाऱ्याने ती काढून तशीच बाजूला ठेवलेली अनेकदा सापडते.

शॉवर किंवा नळ बदललात तर जुना पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. घर सोडताना तोच परत बसवायचा असतो. अर्ध्या इंची आट्यांवर टेफ्लॉन टेपचे १० ते १२ वेढे, आटे ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने द्या. उलटे दिले तर आवळताना टेप सुटते आणि थेंब थेंब पाणी गळत राहतं.