स्पर्धा रद्द, सायकल घरात: या चुका टाळा

"इतला पाय मारस, पन जास कोठे?"

आईने हे विचारलं तेव्हा मी हॉलच्या कोपऱ्यात, ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, चढवलेल्या सायकलवर पस्तिसाव्या मिनिटाला होतो. उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्या स्पर्धेसाठी चार महिने पाय मारले, ती रद्द झाल्याचा मेसेज आधीच्याच आठवड्यात येऊन पडला होता. तो २०२० चा एप्रिल होता. त्यानंतरही कधी पाऊस, कधी ऊन, कधी परवानगीचा घोळ, अशी स्पर्धा रद्द व्हायची कारणं येतच राहिली. धुळ्यात तर एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर रस्त्यावर सायकल काढणं म्हणजे तव्यावर चालणं. त्यामुळे घरातला सराव इकडे कुणालाच चुकत नाही. चुकतं ते तो करण्याच्या पद्धतीत. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलो आहे.

उकाड्याला कंटाळा समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. विसाव्या मिनिटाला पाय जड व्हायचे, नजर घड्याळाकडे जायची, आणि मी स्वतःला आळशी ठरवून मोकळा व्हायचो. मग जोश चढवणारे व्हिडिओ बघ, कपाटावर सुविचार चिकटव, असले उद्योग. मनात काहीच बिघडलेलं नव्हतं. खोली तापलेली होती, एवढंच.

सायकल मारताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पेडलवर पोचतो. उरलेली सगळी उष्णता. पेडलवर १५० वॅटचा जोर चालू असेल तर अंगातून ५०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडत असते, म्हणजे मे महिन्यात बंद खोलीत आपणच एक छोटा हीटर होऊन बसतो. आग्रा रोडवर ताशी २५ किलोमीटरने जाताना समोरून तेवढाच वारा लागतो आणि घाम सुकवतो. घरात तो वारा नाही. घाम अंगावर सुकला तरच अंग गार होतं. फरशीवर ठिबकलेला घाम फुकट गेला. मग शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होतं, आणि तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. दहाव्या मिनिटाला १३० असलेले ठोके चाळिसाव्या मिनिटाला १५० वर गेलेले मी पाहिलेत, पेडलवरचा जोर तोच असताना. अंगाला हे घाट चढल्यासारखं वाटतं. मनाला मात्र वाटतं, आपला यातला रस संपला.

पारख सोपी आहे. जो सराव संध्याकाळी नकोसा झाला, तोच पहाटे पाचला, टेबल फॅन थेट छातीवर घेऊन करा. कंटाळा गायब झाला तर तो कंटाळा नव्हताच.

पहाटच का, तर स्लॅबमुळे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. संध्याकाळी सातनंतर बाहेर जरा वारा सुटतो, आपण 'आता गार झालं' म्हणत सायकलवर बसतो, आणि वरच्या मजल्यावरची खोली नेमकी तेव्हाच भट्टी झालेली असते. जुन्या धाब्याच्या घरात हा त्रास कमी, पण ती घरं आता राहिलीत किती?

कूलरचीही एक गोम आहे. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर झकास काम करतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की थोड्याच वेळात खोली दमट होते आणि घाम सुकेनासा होतो. जुलैपासून तर पंप बंदच ठेवा, नुसता पंखा वापरा. छताच्या पंख्यावर विसंबू नका, तो डोक्यावर फिरतो आणि घाम येतो छाती-पाठीला.

लाईट गेली तर उतरायचं. 'एवढी दहा मिनिटं संपवतो' हा हट्ट करू नका. चक्कर, मळमळ, ठणकणारं डोकं किंवा गरमीत अंगावर आलेला काटा, यातलं काहीही दिसलं की त्या दिवसाचा सराव संपला. खोलीत ३५ अंशांच्या वर पारा असेल तर मी जोराचा सराव करतच नाही. हा माझा नियम आहे, तुमचा तुम्ही ठरवा, पण आकडा आधी ठरवून ठेवा. सायकलवर बसल्यावर ठरवायला गेलात की आकडा वर सरकतो.

गेलेल्या तारखेला धरून बसणं

स्पर्धा रद्द झाली तरी मी जुनं वेळापत्रक तसंच चालू ठेवलं. पुढची तारीख आज जाहीर होईल, उद्या होईल, तोवर धार कमी व्हायला नको, असा हिशेब. वाट बघणं किती लांबू शकतं ते मुंबई मॅरेथॉनने दाखवलं: जानेवारी २०२० नंतरची पुढची मॅरेथॉन १५ जानेवारी २०२३ ला झाली. १८९७ पासून चालत आलेली बोस्टन मॅरेथॉनही २०२० मध्ये पहिल्यांदा रद्द झाली. स्पर्धेच्या आठवड्यात असते तशी तयारी महिनोन् महिने टिकवता येत नाही. टिकवायला गेलात की गुडघा तरी जातो, नाहीतर झोप.

मग सोडून द्यायचं का? तेही नाही, आणि घाबरायचंही कारण नाही. शिकागोत रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग इथे कामी येतात. लोकांना दहा आठवडे, आठवड्यातले सहा दिवस, रोज ४० मिनिटं जोराचा सराव दिला. नंतर काहींचे दिवस चारवर आणले, काहींचे दोनवर. पंधरा आठवड्यांनंतरही त्यांची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, जवळपास तशीच होती. वेळ ४० मिनिटांवरून १३ वर आणली तरी ती टिकली, पण लांब दम मात्र घटला. आणि जेव्हा दिवस व वेळ तेवढाच ठेवून नुसता जोर कमी केला, तेव्हा क्षमताही घसरली.

आपण नेमकं उलटं करतो. रोज बसतो, तासभर बसतो, पण मोबाईलवर मालिका बघत गुळमुळीत पाय मारतो. स्पर्धा नसलेल्या दिवसांत आठवड्याला दोनदा खरा जोर, एकदा जरा लांब आणि संथ, बाकी दिवस ऐच्छिक. माझा जोराचा दिवस असा असतो: दहा मिनिटं हलकं, मग चार मिनिटं जोर आणि तीन मिनिटं हलकं असं चार वेळा, शेवटी दहा मिनिटं हलकं. एकूण ४८ मिनिटं. जोरात असताना दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येता कामा नये. त्या वेळी आईने काही विचारलं आणि मी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, तर जोर कमी पडला असं मी धरतो.

किलोमीटर मोजणं

ही चूक मी मोठ्या हौसेने केली. दारामागे खडूने रेघ ओढली: धुळे, सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर, सेंधवा, पुढे इंदूर. रोजचे घरातले किलोमीटर त्या रेघेवर चढवायचे आणि इंदूरला पोचलो की पोहे-जिलेबी करायची. पुतण्या रोज खडू घेऊन हजर.

इंदूर लवकरच आलं. फारच लवकर. कारण ट्रेनरचा ताण मी हळूहळू कमी करत गेलो होतो, न ठरवता. चाक भिरभिरायचं, मीटर पळायचा, सेंधव्याच्या अलीकडचा बिजासनचा घाट तर मी सपाट रस्त्यासारखा पार केला. ट्रेनरचा किलोमीटर हा चाकाच्या फेऱ्यांचा हिशेब आहे. त्यात ना चढ, ना वारा, ना तुमचं वजन. घरात मोजायची ती मिनिटं आणि जोर. पॉवर मीटर असेल तर वॅट, नसेल तर हृदयाचे ठोके, तेही नसतील तर श्वास. (पोहे-जिलेबी आम्ही तरीही खाल्ली.)

मात्र रेघ ओढण्यात काही वाईट नव्हतं, हे मला नंतर कळलं. स्पर्धेची तारीख गेली की रोज कुणीतरी 'आज झालं का?' विचारणारं लागतं, आणि माझ्यापुरता तो पुतण्या होता. आता दारामागे तास लिहिले जातात.

बाहेरचे तीन तास घरात मारणं

रस्त्यावर आपण नकळत विसावा घेतो. उतार येतो, गतिरोधक येतो, म्हशी आडव्या येतात. ट्रेनरवर पाय थांबत नाहीत आणि बूडही हलत नाही, म्हणून दीड तासातच सीटचा जाच सुरू होतो. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पाय मारा. पुढच्या चाकाखाली काही ठेवलं नाही तर सायकल पुढे कलते आणि सगळा भार मनगटांवर येतो. बाजारात ठोकळा मिळतो, आमच्याकडे जेवणाचा जुना पाट आहे. हँडलवर टॉवेल हवाच, कारण घामातलं मीठ बोल्टांना खातं. खाली जाड सतरंजी किंवा रबरी चटई टाका, नाहीतर पहाटे पाचला खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. आमचे आले होते.

पळणाऱ्यांसाठी थोडक्यात: गच्चीवर गोल पळत असाल तर दर पाच मिनिटांनी दिशा बदला, एकाच बाजूने वळत राहिलात तर आतल्या पायाचा घोटा आणि गुडघा बोलू लागतो. जिने चढताना जोर लावा, उतरताना चालत उतरा. ट्रेडमिलवर कठडा धरून पळू नका.

पाण्याचा अंदाज तहानेवर सोडणं

घरात माठ चार पावलांवर असतो, म्हणून कुणी बाटली भरून ठेवत नाही, आणि मग उठवतही नाही. एकदा सरावाआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर घाम गेला, त्यात मधे प्यायलेलं पाणीही मिळवा. पाऊण तासाच्या सरावाला साधं पाणी पुरतं. तास-दीड तासावर गेलात की मीठ-साखर हवी: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. चवीला बरं लागावं म्हणून लिंबू. आणि ४८ मिनिटांच्या सरावानंतर शंभर किलोमीटरच्या राईडनंतरची शेवभाजी चापू नये. हे वाक्य लिहिताना मला अपराधी वाटतंय.

घरातून थेट लळिंगच्या घाटात

पुन्हा बाहेर पडायचे दिवस आले की सगळ्यांची धाव लळिंगकडे. पायांत जोर असतो, पण मान, तळहात आणि तोल हे तिघं घरात काहीच शिकलेले नसतात. ब्रेक दाबायची तर बोटांना सवयच राहत नाही. पहिल्या आठवड्यात सोनगीरपर्यंत जाऊन या, सपाट रस्त्याने, एकट्याने, कुणाशी चढाओढ न करता. आणि निघण्याआधी मागचा टायर बघा. ट्रेनरच्या रोलरवर घासून तो मधोमध सपाट झालेला असतो. घरात तो वर्षभर चालतो, पण खडीच्या उतारावर पकड सोडतो. तो बदला आणि जुना ट्रेनरसाठीच ठेवून द्या, पुढच्या एप्रिलला लागेलच.