मुलांच्या अंगाला खाज: आधी ओळखा, आणि खरूज असेल तर अख्ख्या घराची घालवा

मूल खाजवायला लागलं की शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. रक्त अशुद्ध झालंय, कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळ घाला, मेडिकलवरून ती ट्यूब आणा. यातला ट्यूबचा सल्ला सगळ्यात घातक. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, लालसरपणा उतरतो, आणि आत नायटा निवांत पसरत राहतो. मग त्याचं मूळ रूपच बदलतं आणि डॉक्टरांनाही ओळखायला त्रास होतो.

आधी मुलाचे कपडे काढा आणि उजेडात सगळं अंग बघा. मानेवर, पाठीवर बारीक लाल पुरळ आणि दिवस मे नाहीतर ऑक्टोबरचे, तर ते घामोळं. गार पाण्याची आंघोळ आणि सैल सुती कपडे पुरतात, पावडरचे थर नकोत. गोल चट्टा, कडा उठलेली, मध्ये साफ, तर नायटा. तो डोक्यात असेल तर नुसत्या मलमाने जात नाही, पोटातून औषध लागतं. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळगीत कोरडी, खरखरीत, खाजरी कातडी म्हणजे बहुधा इसब. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. नाका-ओठांभोवती मधाच्या रंगाची खपली दिसली तर दवाखाना गाठा. गालावरच्या फिकट चट्ट्यांसाठी मात्र जंताचं नाहीतर कॅल्शियमचं औषध पाजत बसू नका, ते चट्टे सहसा काही महिन्यांत आपोआप जातात.

आता खरूज. खाज रात्री वाढते, घरात आणखी कोणीतरी खाजवत असतं, आणि पुरळ ठरावीक जागी असतं: बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला, जांघेत. तान्ह्या बाळाच्या तळहात-तळपायांवर आणि डोक्यावरही येतं. बेचक्यात नीट पाहिलं तर कधीकधी काही मिलिमीटरची करडी नागमोडी रेघ दिसते. ते खरूज करणाऱ्या बारीक किड्याने कातडीत कोरलेलं बीळ.

डॉक्टर बहुतेक वेळा ५ टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. औषध चांगलं आहे, पण लावण्यात चुकतं. वस्तीतल्या घराघरांत मला सगळ्यात जास्त डोकं फोडावं लागलं ते इथेच.

पहिली अडचण म्हणजे माणसं. ‘मला कुठे खाजतंय?’ असं वडील म्हणतात, आजी म्हणते पोराला लावा, पुरे. पण पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर तो इतरांना खरूज देत असतो. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं पाहिजे. एकजण सुटला तर सगळी मेहनत पाण्यात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

दुसरी अडचण हातांची. मलम लावून झालं की आई भांडी घासायला बसते, आणि बेचक्यातलं औषध, जिथे ते सगळ्यात जास्त हवं, मोरीत जातं. म्हणून जेवणं, भांडी, उद्याची कणीक, सगळं उरकू द्या, मग ट्यूब उघडा. अंग कोरडं आणि गार हवं, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच नको. नखं कापा. मानेपासून तळपायापर्यंत एक बोटभरही जागा न सोडता चोळा: नखांखाली, बेंबीत, ढुंगणाच्या फटीत, पायाच्या बोटांमध्ये. फक्त पुरळावर ठिपके देऊन काही होत नाही. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं, तेव्हा एका छोट्या ट्यूबमध्ये पाचजण भागवू नका. तान्ह्यांच्या डोक्याला, कपाळालाही लावा, डोळे आणि तोंड सांभाळून, आणि हातांना मोजे घाला म्हणजे ते चाटणार नाहीत. रात्री हात धुतलेच तर पुन्हा लावा. ८ ते १४ तास ठेवायचं, म्हणजे सकाळी नळाला पाणी आलं की आंघोळ.

त्याच सकाळी चादरी, टॉवेल, गेल्या तीन दिवसांतले कपडे कडक गरम पाण्यात. पावसाळ्यात गोधडी वाळत नाही, तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांहून जास्त जगत नाही. घरभर कीटकनाशक फवारू नका.

आठवड्याने हे सगळं पुन्हा, सगळ्यांनी, खाज थांबली असली तरी.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. घाबरून रोज मलम थापू नका, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. खाजेवर वेगळं औषध डॉक्टरांकडून घ्या. चार आठवड्यांनंतरही नवे फोड येत असतील तर परत दाखवा. पू झाला, ताप आला, चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी लालसर-तपकिरी झाली तर मात्र त्याच दिवशी मुलाला घेऊन निघा, कारण खाजवून चिघळलेल्या जखमांतल्या जंतूंचा त्रास मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो.