फायबरचा ट्रेलर आणि नागपूरचं ऊन: इन्सुलेशन लावताना या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, अडीच वाजलेले. गाडीमागे ओढायच्या, आत झोपता येणाऱ्या माझ्या फायबरच्या ट्रेलरचं दार उघडलं, तर ऊन अडवायला छताला आतून चिकटवलेली इन्सुलेशनची शीट अख्खीच्या अख्खी गादीवर पडलेली. तिच्या पाठीवरचं चिकटवायचं सोल्यूशन बोट लावलं की च्युइंगमसारख्या तारा सोडत होतं. आठच दिवसांपूर्वी मी ती स्वतःच्या हाताने चिकटवली होती. दुकानात सांगितलं होतं, "भाऊ, हे लोखंडालाही धरते." धरत असेल, पण सावलीत.

तेव्हापासून कोणी विचारलं की "ट्रेलरला कोणतं इन्सुलेशन लावू?", तर मी आधी उलट विचारतो: आत काय चालवणार, एसी की कूलर? पहिली चूक इथेच होते. कूलर हवा सतत ढकलत असतो आणि ती बाहेर जायला खिडकी उघडी लागते. ज्या गाडीची खिडकी दिवसभर उघडी, तिच्या भिंतींवर हजारो रुपये घालण्यात अर्थ नाही. छत तेवढं नीट करा. पेंचच्या जंगलात सिल्लारीला किंवा रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर डिसेंबर-जानेवारीतच जाणार असाल तर हिशोब आणखी वेगळा. मे महिन्यात एसी लावून झोपायचं असेल, तर मात्र भिंतींचाही विचार करावाच लागतो.

दुसरी गडबड म्हणजे परदेशी व्हिडिओ पाहून सामान आणणं. साच्यातून काढलेली दोन अर्धी कवचं मधोमध जोडून केलेला छोटा फायबरचा ट्रेलर मुळात तिकडचाच. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६८ साली 'बोलर' निघाला, तो याच घडणीचा. तिकडची मंडळी आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून धडपडतात. आपल्याला बाहेरची भट्टी आत येऊ द्यायची नाही, आणि ही भट्टी नुसत्या हवेची नसते. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या कवचाला हात लावून बघा, टिकत नाही. म्हणून आतल्या थरावर पैसे घालण्याआधी छत पांढरं करा. उन्हाळ्यात गच्चीला चुना मारतो त्यातलीच ही युक्ती. वर चार बोटं अंतर सोडून ताडपत्री ताणली तर त्याहून बरं.

चकचकीत बबल शीटबद्दल एकदा स्पष्टच लिहितो. टिनाच्या शेडखाली ती चांगलं काम करते, कारण तिथे शीट आणि टिन यांच्यामध्ये हवा असते. चांदीसारखा पृष्ठभाग उष्णतेचे किरण परतवतो, पण त्यासाठी समोर दीड-दोन सेंटीमीटरची मोकळी जागा लागते. तीच शीट कवचाला सपाट चिकटवून वरून कापड लावलं की उरतो फक्त चार मिलिमीटरचा बुडबुड्यांचा थर. भाव मात्र चांदीचा.

थर्माकोल स्वस्त, हलका आणि उष्णता अडवण्यातही वाईट नाही. अडचण पुढे येते. सॉल्व्हंट (विरघळवणारं रसायन) असलेलं रबर सोल्यूशन लावलं की दोन मिनिटांत त्याला खड्डे पडायला लागतात, कडा आत ओढल्या जातात. फायबर ज्याने घट्ट करतात त्या पॉलिएस्टर रेझिननेही तो विरघळतो. जास्त घट्ट, रंगीत एक्सपीएस बोर्डही थर्माकोलसारखाच पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचा असल्यामुळे त्याची गत तीच. शिवाय दोन्ही ७५ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि ट्रेलरचे गोल कोपरे सरळ बोर्डाला जुमानत नाहीत. मागे पोकळी राहते, ती वरून दिसत नाही. आणि ज्या गाडीत गॅसची शेगडी पेटणार, तिच्या भिंतीत उघडा थर्माकोल मला तरी नको.

मी शेवटी नायट्रिल रबरची शीट लावली. एसीच्या डक्टवर गुंडाळतात ती काळी, स्पंजासारखी. एसी डक्टिंगचं सामान विकणाऱ्यांकडे ९, १३, १९, २५ मिलिमीटर अशा जाडीत मिळते. वळते, पाणी पीत नाही, शंभर अंशांपर्यंत टिकते. घेताना आगीसाठीचा 'क्लास ओ' शिक्का पाहून घ्या.

आता जाडी. "जितकं जाड तितकं थंड" हे ऐकायला बरोबर वाटतं, पण आकडे मांडले की मोह उतरतो. बाहेर ४५ अंश, आत २५ ठेवायचे, भिंती आणि छत मिळून २० चौरस मीटर धरा. चार मिलिमीटरच्या उघड्या फायबरमधून साधारण २१०० वॅट उष्णता आत येते. १३ मिलिमीटर नायट्रिल लावलं की ७०० ते ७५०. १९ ला साडेपाचशे, २५ ला साडेचारशे. ५० मिलिमीटर लावलं तर अडीचशेच्या आसपास. हे सगळं सावलीतलं; थेट उन्हाची भर वेगळी, आणि खिडक्याही यात नाहीत. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट बाहेर काढतो, हे लक्षात घेतलं तर पहिल्या १३ मिलिमीटरने लढाई जवळजवळ जिंकलेली असते. ५० मिलिमीटर लावून दोन्ही बाजूंनी मिळून दहा सेंटीमीटर रुंदी घालवली, तर रात्री कूस बदलताना कोपर भिंतीला लागतं. मी छताला १९ आणि भिंतींना १३ लावलं.

वजनाचीही एक गंमत. २० चौरस मीटरला १९ मिलिमीटर नायट्रिल सुमारे २० किलो भरतं. त्यावर शोभेसाठी चार मिलिमीटर प्लाय ठोकला की जवळपास पन्नास किलो वाढतात. ओढणाऱ्या गाडीला हा प्लायच जड जातो.

ग्लासवूलबद्दल, म्हणजे काचेच्या तंतूंच्या कापसाबद्दल, थोडक्यात: घरात ठीक, चालत्या गाडीत नको. खडखडाटाने खाली बसतं, आणि खिडकीच्या गॅस्केटमधून किंवा रिव्हेटपाशी पाणी शिरलं की ते पिऊन घेतं. थंडीतही हाच धोका. डिसेंबरच्या रात्री दोघं दार बंद करून झोपले की श्वासातली वाफ कापडातून मागे जाते आणि गार कवचावर थेंब होऊन बसते. सकाळी गादीची कड ओली लागली की माणूस आधी छत गळतंय म्हणून शोधत बसतो. वरची खिडकी बोटभर उघडी ठेवली की हे बरंच थांबतं.

डब्यातला फुगणारा फोम भेगा भरायला वापरा, भिंत भरायला नाही. बंद जागेत तो फुगला की पातळ कवचाला बाहेरून पोट येतं. वायरी त्यात कायमच्या गाडल्या जातात, आणि उद्या फायबरला तडा गेला तर आतून दुरुस्ती करायला आधी फोम खरवडत बसावं लागतं. वायरी आधी पाइपात घ्या, मग काय भरायचं ते भरा.

परत माझ्या पडलेल्या शीटकडे. सोल्यूशनचा दोष होताच, पण निम्मा माझाही होता. फायबरची आतली बाजू मी फक्त ओल्या फडक्याने पुसली होती. नंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली (मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच, ती धूळ अंगाला दोन दिवस खाजवते), दार-खिडक्या उघड्या ठेवून ॲसिटोनने पुसली आणि उष्णता सोसणारं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावलं. बोटाला चिकटेनासं झाल्यावरच शीट दाबली. तीही सकाळी सात वाजता, कवच गार असताना. आधी वीतभर तुकडा छताला लावून चार दुपारी तसाच ठेवला होता. तो टिकला, मग बाकीचं काम काढलं.

लावून झालेल्या कामात कुठे चूक राहिली ते शोधायला यंत्र लागत नाही. दुपारी तीनला आत शिरून तळहात भिंतीवरून फिरवा आणि जिथे चटका लागेल तिथे खडूने खूण करा. माझ्याकडे खुणा निघाल्या त्या चाकांच्या कमानीवर, दाराच्या चौकटीला आणि छतातून थेट आरपार गेलेल्या तीन बोल्टांवर. कमानी भरून झाल्या. बोल्टांवर शीटच्या गोल टोप्या बसवायच्या आहेत, तोवर खडू तसाच आहे.