प्लॉटवर भराव टाकायचाय किंवा पाण्याचा उतार बदलायचाय? मग आधी एवढं करा

जागा आपली, माती आपली, मग विचारायचं कुणाला असं वाटतं खरं, पण माती हलली की पाण्याची वाट बदलते आणि ते पाणी शेजाऱ्याच्या भिंतीला जाऊन लागतं, म्हणून जवळपास सगळीकडे याला काही ना काही नियम असतातच.

पहिलं काम म्हणजे मोबाईल घेऊन भर पावसात बाहेर पडा. पाणी कुठून आत येतं, कुठे तुंबतं, कुंपणाच्या कुठल्या कोपऱ्यातून बाहेर जातं, सगळ्याचे फोटो-व्हिडिओ काढा, तारखेसकट. उद्या भांडण झालंच तर "आधी पाणी असंच जायचं" हे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

मग लेव्हल काढा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते, फक्त आत बुडबुडा अडकला नाही ना ते बघा नाहीतर माप चुकतं. घराच्या पायापासून बाहेर पहिल्या 3 मीटरमध्ये साधारण 15 सेंटिमीटर उतार मिळाला तर उत्तम.

आता मातीचा हिशोब. 10 बाय 8 मीटरच्या जागेत 30 सेंटिमीटर भराव म्हणजे 24 घनमीटर, साडेआठ ब्रासच्या आसपास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), आणि वजन 35-40 टनांच्या घरात! शिवाय खोदलेली माती फुगते, 20-30 टक्के सहज, त्यामुळे गाडीतलं माप आणि दाबून बसलेलं माप एक नसतं. अर्जात कुठलं लिहायचं ते विचारून घ्या, कारण परमिशन लागते की नाही हे बऱ्याचदा या आकड्यावर, भरावाच्या उंचीवर आणि हद्दीपासूनच्या अंतरावर ठरतं.

एक साधा नकाशा काढा, उताराचे बाण दाखवा आणि स्थानिक कार्यालयात जा. विचारायचं ते लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या: किती मातीपर्यंत परवानगी लागत नाही, जागा पूररेषेत येते का, रेकॉर्डवर नाला किंवा ओढा आहे का, मातीच्या वाहतुकीचा वेगळा परवाना लागतो का. माती एका खात्याकडे आणि पाणी दुसऱ्याकडे असं असू शकतं, एकाने हो म्हटलं म्हणजे झालं असं समजू नका.

पाण्याचं मूळ तत्त्व रोमन कायद्यापासून चालत आलंय आणि आजही बऱ्याच देशांत दिसतं: वरच्या जागेतून नैसर्गिकपणे उतरणारं पाणी खालच्याने अडवायचं नाही, आणि वरच्यानेही ते गोळा करून एका ठिकाणी खाली सोडायचं नाही. आता हिशोब करा, 100 चौरस मीटर छतावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5000 लिटर पाणी होतं, ते सगळं एका पाईपने हद्दीवर सोडलं तर शेजारी गप्प बसेल का? आणि हो, पावसाचं पाणी ड्रेनेजच्या लाईनला जोडायची आयडिया डोक्यातून काढा, बऱ्याच ठिकाणी ते चालतच नाही, लाईन भरली की घाण पाणी उलटं घरात येतं.

शेजाऱ्याला नकाशा आधीच दाखवा, जमलं तर सही घ्या.

काम सुरू करताना आधी जमिनीखालच्या वीज, गॅस, पाण्याच्या लाईन्स कुठून गेल्यात ते संबंधितांकडून दाखवून घ्या. वरची सुपीक माती बाजूला काढा, भराव 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी टाकून दाबत जा, घाईत एकदम ओतला की पुढे खचतो आणि उतार उलटा होऊन पाणी घराकडे वळतं. झाडाच्या बुंध्याभोवती माती चढवू नका, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड हळूहळू वाळतं. ढिगावर ताडपत्री टाका, गाळ रस्त्याच्या गटारात गेला तर नोटीस येऊ शकते.

बाहेर जाणारी माती कुठे टाकली याची पावती गाडीवाल्याकडून मागून घ्या, "टाकतो कुठेतरी" म्हणाला तर दुसरा गाडीवाला बघा.