मागचा शाफ्ट बदलला आणि गाडी थरथरायला लागली? आधी हे तपासा

जीपचा मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी फिरती नळी, बदलून कुडाळहून निघालो. ओरोस यायच्या आधीच, काटा सत्तरच्या पुढे गेला आणि सीटखालून घूंऽऽ सुरू झालं. मेस्त्री म्हणाला, "चाकांचा बॅलन्सिंग करून घेवा." केलं. पैसे गेले, घूं तसंच. शेवटी चूक माझ्याच हातची निघाली. ती पुढे येईलच.

गाडीखाली शिरण्याआधी रस्त्यावर तपासा. महामार्ग 66 चा सपाट, मोकळा तुकडा बघा आणि शेजारी कुणाला तरी वही देऊन बसवा. थरथर किती वेगाला सुरू होते, किती वेगाला थांबते, ते त्याने लिहायचं. मग तोच वेग एक गिअर खाली टाकून धरा. इंजिनाचे फेरे वाढले तरी थरथर त्याच वेगाला येत असेल, तर इंजिन आणि क्लचचा दोष नाही. आता अॅक्सिलरेटर सोडून बघा. ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच येते ती बहुधा बॅलन्सची. पाय दाबला की येते आणि सोडला की जाते, किंवा गाडी सुटतानाच येते, ती बहुधा शाफ्टच्या कोनाची.

चाक की शाफ्ट, हेही इथेच कळतं. टायरचा घेर 2.3 मीटर धरला तर ताशी 80 किमीला चाक मिनिटाला साधारण 580 फेरे घेतं. डिफरन्शियलचा (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरपेटीचा) रेशो 4 असेल तर शाफ्ट घेतो चौपट, म्हणजे 2,300 च्या आसपास. म्हणून चाकाची थरथर जाड, धडधडणारी असते आणि शाफ्टची बारीक, भुंग्यासारखी.

आता गाडी सपाट जागी लावा, चारही चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा आणि गिअर न्यूट्रल करा. बंदराच्या उतारावर हे काम नकोच. शाफ्ट सुटला की मागच्या चाकांना गिअरचा आधार राहत नाही, आणि काही जुन्या जीपांचा हँडब्रेकसुद्धा ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागेच असतो.

सगळ्यात आधी दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके, बघा. शाफ्टच्या नळीला धरलेले दोन्ही योक एका रेषेत हवेत. क्रॉस (दोन योकांना जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) कोनात फिरतो तेव्हा एका फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते फेडतो, पण योक रेषेत असतील तरच. मी ग्रीस भरायला स्लिप जॉइंट (शाफ्टचा आतबाहेर सरकणारा जोड) ओढून वेगळा केला होता आणि खूण न करता परत घातला. त्या जोडातल्या खाचांचे, म्हणजे स्प्लाइनचे, दात भलतीकडे बसले. खालून टॉर्च मारून पाहिलं तर एक योक आडवा, दुसरा जरा तिरका. पुन्हा ओढला, दात मोजून फिरवला, घातला. घूं गेलं. तेव्हापासून खोलण्याआधी पांढऱ्या रंगाची रेघ मारतो, दोन्ही भागांवरून सलग.

योक बरोबर असतील तर क्रॉस हाताने हलवा. चारही बाजूंना सारखा, किंचित घट्ट फिरायला हवा. एका बाजूला अडतोय? क्रॉसच्या टोकावरच्या कपमधली एखादी बेअरिंगची सुई आडवी पडली असेल. मग कप अडवणारी कडी, सर्कलिप, खाचेत पूर्ण बसत नाही आणि शाफ्ट मध्यापासून सरकतो. यू-बोल्ट जास्त आवळला तरी कप दबतो.

फ्लॅंज, म्हणजे शाफ्ट बोल्टने जिथे आवळतो ती चकती, आपल्याकडे हमखास फसवतो. खाऱ्या हवेने त्याच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे धरतात. त्यावरच नवा शाफ्ट आवळला की तो केसभर तिरका बसतो. वायर ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. नळीवरचा जांभ्याचा वाळलेला लाल चिखलही काढा. तो एका बाजूला धरून बसतो आणि बॅलन्स बिघडवतो.

गाडी उंच करायला स्प्रिंगचे पाटे उंच केले असतील तर कोन मोजा. फोनमधलं कोनमापक चालतं. दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस असेल तर ट्रान्सफर केसचा आउटपुट आणि पिनियन (डिफरन्शियलचा शाफ्टला जोडलेला दांडा) समांतर हवेत, फरक अंशभराच्या आत. ट्रान्सफर केसकडे दुहेरी जॉइंट (दोन क्रॉस एकत्र) असेल तर हिशेब वेगळा: पिनियनचं तोंड थेट ट्रान्सफर केसकडे, फार तर एक-दोन अंश खाली. कमी पडलं तर पाट्याखाली पाचर.

तरीही शंका राहिली तर मागचा शाफ्ट काढून फोर-हायमध्ये, म्हणजे फक्त पुढच्या चाकांवर, हळूहळू त्याच वेगापर्यंत न्या. थरथर गेली तर दोष शाफ्टचा किंवा पिनियनचा. मात्र ज्या ट्रान्सफर केसमध्ये स्लिप योक थेट आत जातो, तिथे हे करू नका. ऑइल बाहेर येईल.

उरला बॅलन्स. वेल्ड केलेलं वजन गळून पडल्याचा चकचकीत डाग नळीवर दिसतोय का, बघा. नाहीतर जुबिली क्लिपचा (पाइपवर स्क्रूने आवळायच्या पट्टीचा) गावठी इलाज करा: नळीच्या पिनियनकडच्या टोकाला खडूने चार खुणा करा, क्लिपचा स्क्रू एकेका खुणेवर ठेवून फेरी मारा आणि जिथे थरथर सगळ्यात कमी, तिथे आवळा. क्लिप फिरताना कशाला घासत नाही ना, ते आधी हाताने फिरवून बघा. हा तात्पुरताच इलाज. खाऱ्या हवेत क्लिप पावसाळाभर टिकली तरी पुष्कळ. पुढच्या खेपेला फोंडा घाटाने कोल्हापूरला जाल तेव्हा शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून आणा. आणि काढताना ती पांढरी रेघ विसरू नका.