गृहलक्ष्मीचे दोन हजार टिकवायचे कसे

खानापूरकडच्या आमच्या बचत गटाची वही मी लिहिते. गृहलक्ष्मी योजनेत कर्नाटक सरकार घरच्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजार रुपये देतं. बायका विचारतात, "अक्का, दोन हजार येतात आणि जातात कुठं?"

आधी पैशाला नाव द्या. रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस मनातल्या मनात पैशाचे कप्पे करतो, हे त्यांनी मांडलं. म्हणून वहीत नुसतं 'शिल्लक' लिहू नका, 'जूनची फी' लिहा. फीच्या पैशाची साडी घेताना हात अडखळतो.

मग कुलूप. फिलिपिन्समधल्या एका बँकेनं काही खातेदारांना असं खातं देऊ केलं, की स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत पैसे काढायचेच नाहीत. व्याज जास्त नव्हतं, बरं का! तरी वर्षभरात त्या गटाची शिल्लक इतरांच्या मानानं सुमारे ८१ टक्क्यांनी वाढली. आपल्याकडं त्याच्या जवळचं म्हणजे पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायचं खातं: महिना किमान १०० रुपये, मुदत पाच वर्षं, मधे मोडायची तर तीन वर्षांनंतरच. गृहलक्ष्मीचा हप्ता मागंपुढं होतो, म्हणून पूर्ण दोन हजारांची आरडी काढू नका; तीनशे-पाचशे पुरे. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, आणि चारपेक्षा जास्त चुकले तर खातं बंद पडतं.

भिशी चालू ठेवा. तिथं चार बायकांची नजर असते, हेही एक कुलूपच. फक्त भिशी ओळखीच्या गल्लीतलीच बघा.

शक्ती योजनेत कर्नाटकच्या सरकारी बसमधून बायकांना फुकट जाता येतं; बेळगावच्या बसचं तिकीट वाचतं, ते पैसे त्याच संध्याकाळी डब्यात टाका. डब्याची किल्ली जाऊबाईंकडं.